दत्तक गावाला गादी मिळत नाही

बडोद्यात तरी 'दत्तक' हा शब्द जपून वापरावा. या शहराचा अर्वाचीन इतिहास एका दत्तकविधानापासून सुरू होतो. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ 1875 च्या मे महिन्यात महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर बसला आणि सयाजीराव झाला. त्याला नाव मिळालं, शिक्षक मिळाले, आणि 1881 च्या डिसेंबरात राज्याचा कारभारही हाती आला. दत्तक घेतलं की वारसा द्यावा लागतो, हे इथे कुणाला समजावून सांगायची गरज पडू नये.

आमच्या कॉलेजांनीही गावं दत्तक घेतली आहेत. पादरा, वाघोडिया, सावली, कुठल्याही रस्त्याला लागा, वेशीवर पत्र्याची पाटी दिसेल: अमुक कॉलेजचं दत्तक गाव. कॉलेजचं नाव मोठ्या अक्षरात, गावाचं बारीक. वारसा म्हणून गावाला मिळते ती ही पाटी.

मी हे बाहेर उभी राहून बोलत नाही. तीसेक वर्षं एका कॉमर्स कॉलेजात शिकवलं, त्यातली आठ वर्षं एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, सांभाळली. पाटीची फीत कापताना ताट धरून मीच उभी होते. सकाळी सातला बस निघायची. टोप्या, बॅनर, फाफडा-जिलेबीची पाकिटं. गावात पोचलो की व्यसनमुक्तीचं पथनाट्य, मग शाळेच्या भिंतीला रंग, मग जेवण, मग ग्रुप फोटो. फोटो अक्षांश-रेखांशासकट हवा, कारण पुढे मूल्यांकनाच्या फायलीत तोच चिकटवायचा असतो. एका शाळेची तीच भिंत मी तीन वर्षांत तीनदा रंगवून घेतली. मुख्याध्यापक दरवेळी नारळ देऊन आभार मानायचे. चौथ्या वर्षी त्यांनी हळूच विचारलं, "बेन, या वेळी भिंतीऐवजी मुलींच्या संडासाच्या दाराला कडी बसवून द्याल का?" कडीला खर्च फार नव्हता. पण तिचा फोटो कसा काढणार?

आता हे सगळं पुन्हा नव्या जोमाने सुरू झालं आहे, म्हणून लिहायला बसले. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने समाजाशी जोडलेल्या कामाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, द्यायचं ठरवलं. विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या मुलांसाठी दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाची चौकट आखून दिली. महाराष्ट्रातल्या पदवीच्या वेळापत्रकातही क्षेत्र-प्रकल्प आणि समुदाय-सहभाग यांचे रकाने आले. एमबीबीएसच्या मुलांना पहिल्या वर्षापासून कुटुंबं 'दत्तक' दिली जातात. त्याआधी 2014 पासून कॉलेजांना गावांशी जोडणारं उन्नत भारत अभियान आहेच, आणि त्याच्या कितीतरी आधी, गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, 37 विद्यापीठांतल्या 40,000 विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. म्हणजे देशाला ही कल्पना सुचून पन्नासहून जास्त वर्षं झाली. तरी प्रत्येक नवं परिपत्रक असं येतं, जणू कॉलेजच्या फाटकाबाहेर वस्ती आहे हा शोध कालच लागला.

माझं म्हणणं थोडक्यात असं: या सगळ्या योजना बांधून घेतात ते फक्त विद्यार्थ्याला. तास त्याने भरायचे, वही त्याने लिहायची, श्रेयांक त्याचा अडणार. कॉलेज मात्र कुणालाच बांधील नाही. ते आज या गावात, उद्या त्या वस्तीत, परवा प्लास्टिकबंदीच्या फेरीत. सक्ती करायचीच असेल तर ती कॉलेजवर करा, आणि एका वर्षाची नको, दहा वर्षांची करा.

दहाच का, ते पुढे येईल. आधी सेवाबेनची गोष्ट. सेवाबेन हे त्यांचं नाव नव्हे, मी दिलेलं आहे, आणि थोडं खोडसाळपणेच दिलं आहे.

2024 च्या ऑगस्टअखेर बडोद्याची विश्वामित्री नदी फुगली. धोक्याची पातळी 26 फुटांची, पाणी 35 फुटांच्या वर गेलं. शहरातल्या रस्त्यांवर मगरी फिरत होत्या, हे साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. पाणी ओसरल्यावर काय फिरत होतं, ते कुणी दाखवलं नाही: फॉर्म. निवृत्त झाले होते, तरी आमच्या जुन्या कॉलेजाने मदतीला बोलावलं म्हणून मीही पंचवीस मुलं घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेले. मोबाइलवरचा फॉर्म इंग्रजीत. मुलं प्रश्न वाचायची, मनातल्या मनात गुजराती करायची, उत्तर ऐकायची, परत इंग्रजी करायची. 'तुमच्या उपजीविकेच्या साधनांवर कोणत्या स्वरूपाचा परिणाम झाला?' समोरची बाई चिखलाने भरलेला गॅसचा शेगडा दाखवत होती.

ही बाई म्हणजेच सेवाबेन. सकाळी सहा ते अकरा सेव-उसळची लारी, म्हणजे हातगाडी, लावतात. बडोद्याची सेव-उसळ मूळची आपली की गुजरात्यांची, हा वाद डांडिया बाजारातल्या कुठल्याही मराठी घरात जेवणं होईपर्यंत चालू शकतो. तो इथे नको. पुराने त्यांची लारी उलटली, पांढऱ्या वाटाण्याचं पोतं फुगून फुटलं, कागदपत्रांची पिशवी गेली. पुन्हा धंदा उभा करायला त्यांनी पैसे उचलले. पहाटे लारीपाशी एक जण डायरी घेऊन येतो. 9,000 रुपये हातात देतो, मग रोज 100 रुपये, शंभर दिवस.

आमच्यातल्या बी.कॉम.च्या एका मुलीने पटकन हिशेब केला: "मॅडम, नऊ हजारावर एक हजार, म्हणजे अकरा टक्के. फार नाही." मी म्हटलं, किती दिवसांत? ती थांबली. शंभर दिवसांत अकरा, म्हणजे वर्षाला चाळीस. दुसरा मुलगा म्हणाला, पण मुद्दल रोज कमी होतंय ना. तेव्हा त्यांना उजेड पडला. सेवाबेनच्या हातात शंभर दिवस पुरे नऊ हजार नसतातच. सरासरी धरली तर निम्मे, साडेचार हजार. त्यावर शंभर दिवसांत एक हजार, म्हणजे बावीस टक्के. वर्षाला ऐंशीच्या वर! घटत्या शिलकीवरचं व्याज मी वर्गात वीस वर्षं शिकवलं. डोळे मोठे झालेले मात्र त्या चिखलात पहिल्यांदा पाहिले.

मग मुलांनी उत्साहाने सेवाबेनना पीएम स्वनिधीची, फेरीवाल्यांसाठीच्या सरकारी कर्जयोजनेची, माहिती द्यायला घेतली. 2020 पासूनची योजना, पहिलं कर्ज तेव्हा 10,000 चं, वेळेवर फेडलं तर व्याजात सात टक्क्यांचं अनुदान. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. योजना त्यांना ठाऊक होती. म्हणाल्या, कागद पुरात गेले, ते पुन्हा काढायचे म्हणजे तीन खेपा. एक खेप म्हणजे एक सकाळ लारी बंद. लारी बंद राहिली की नेहमीची गिऱ्हाइकं शेजारच्या लारीवर जातात, ती सगळी परत येत नाहीत. डायरीवाला पहाटे येतो, कागद मागत नाही, आणि एखाद्या दिवशी शंभराऐवजी पन्नास दिले तर आरडाओरडा करत नाही. "तमारी बँक सवारे छ वागे आवशे?" त्यांनी विचारलं. तुमची बँक सकाळी सहाला येईल का?

पतपुरवठ्याच्या पुस्तकात व्यवहारखर्चाचं एक प्रकरण असतं. मुलं ते परीक्षेपुरतं वाचतात. त्या सकाळी सेवाबेननी ते पाऊण तासात शिकवलं, उदाहरणासहित.

आता मला सांगा, सेवा कुणी कुणाची केली? मुलांच्या प्रकल्पाला उत्तम शेरा मिळाला, बांधीव प्रत ग्रंथालयात गेली. सेवाबेनचा पाऊण तास गेला. दुसऱ्या दिवशी भांडी घासायला हात लावू म्हणून दोघी मुली गेल्या, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "फोटो पाडी गया, फॉर्म भरी गया. पछी?" या 'पछी'ला, या 'पुढे काय'ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या वर्षीचा विषय पूर होता. पुढच्या वर्षी विषय बदलला.

ज्याला जगभर सर्व्हिस लर्निंग म्हणतात, सेवेतून शिक्षण म्हणू या, ती कल्पना याहून कितीतरी काटेकोर आहे. हा शब्द 1967 च्या सुमारास अमेरिकेत दक्षिणेकडच्या राज्यांच्या शिक्षण मंडळात काम करणाऱ्या रॉबर्ट सिगमन आणि विल्यम रॅम्से यांनी रूढ केला. नुसतं समाजकार्य नको, नुसता अभ्यासदौराही नको. वर्गात शिकलेलं वस्तीत कस लावून पाहायचं, वस्तीत दिसलेलं वर्गात आणून उलगडायचं, आणि यात दोन्ही बाजूंना काही मिळालं पाहिजे. सिगमनने 1979 साली तीन तत्त्वं मांडली, त्यातलं पहिलंच आमच्या पाटीवाल्यांना झोंबणारं आहे: कोणती सेवा हवी, यावर ताबा ती घेणाऱ्यांचा असावा. म्हणजे भिंत की कडी, हे मुख्याध्यापकांनी ठरवायचं.

यासाठी अमेरिकेला तरी कशाला जायला हवं? बडोदे संस्थानात गावोगावी वाचनालयं निघाली, ती कशी? सयाजीरावांनी 1910 साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावलं हे आपण कौतुकाने सांगतो, पण मला त्याहून मोलाची वाटते ती पैशाची व्यवस्था. गावाने आधी वर्गणी काढायची. गावाने जेवढी काढली तेवढीच भर प्रांत पंचायतीने घालायची, तेवढीच सरकारने. गावाला वाचनालय नको असेल तर वर्गणी निघणार नाही, आणि वर्गणी निघाली नाही तर सरकार बळेच पुस्तकं लादणार नाही. मागणी गावाची, तिसरा हिस्सा गावाचा, म्हणून कुलपाची किल्लीही गावाची. दत्तकाच्या पाटीवर हे गणित कुठे आहे?

(सयाजीरावांनी सक्तीही केली, हे मी विसरलेले नाही. 1893 मध्ये अमरेलीत, आणि 1906 पासून राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं. पण ती सक्ती करताना शाळा काढायची जबाबदारी राज्याने आधी स्वतःवर घेतली होती.)

आणि सगळंच काही नव्याने शिकायला नको. आमच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातच समाजकार्याची विद्याशाखा आहे. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य म्हणजे सहल नसते. मुलं आठवड्यातले ठराविक दिवस, महिनोन्महिने, एकाच ठिकाणी जातात. आल्यावर काय घडलं ते लिहितात. मग मार्गदर्शकाबरोबर बसून ते पान तपासलं जातं, 'तू इथे बोललास, तिथे ऐकायला हवं होतंस' असं. विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहतांच्या काळात उभ्या राहिलेल्या गृहविज्ञान शाखेतही घराघरांत जाऊन शिकण्या-शिकवण्याची रीत होती. रिक्षाने दहा मिनिटांवर एवढी विद्या असताना आम्ही कॉमर्सवाले आणि ते इंजिनिअरिंगवाले बॅनर छापत बसलो. मी स्वतः आठ वर्षांत एकदाही तिथे जाऊन विचारलं नाही. का नाही, याला आळस हेच खरं उत्तर.

पण त्या पुराच्या दिवसातली मला सगळ्यात बोचलेली गोष्ट वेगळीच आहे. गल्ल्या वाटून देत होते, तेव्हा एक मुलगा जवळ आला. हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, मला ही गल्ली नको. पलीकडची द्या." मी कारण विचारलं. तो काही बोलेना. मग शेजारच्या मुलीने सांगितलं: याचं घर याच गल्लीत आहे. त्याच्या घरातही पाणी शिरलं होतं, दोन दिवस तो चिखल उपसत होता, आणि तिसऱ्या दिवशी कॉलेजची टोपी घालून समाजसेवेला आला होता. आपल्याच आईसमोर उभं राहून 'तुमच्या उपजीविकेच्या साधनांवर' विचारायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

आमच्या सगळ्या योजनांत एक गृहीत आहे, समुदाय कॉलेजच्या बाहेर असतो. एके काळी असेलही. आज साध्या अनुदानित कॉलेजात वर्गाच्या निम्म्या बाकांवर तो समुदायच बसलेला असतो. कुणी सकाळी दुधाची लाइन टाकून येतो, कुणी संध्याकाळी मंगळ बाजारात कपड्याच्या दुकानात उभी राहते. त्यांना आम्ही सांगतो, समाजात जा, तास भरा. चिखल उपसलेल्या दोन दिवसांचे त्या मुलाला किती तास दिले? शून्य. कारण तो चिखल घरचा होता.

इथे कामाठी बाग आठवल्याशिवाय राहत नाही. आज तिला सयाजीबाग म्हणतात. 1913 मध्ये बडोदे सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले. तिथे त्यांना जॉन ड्यूई शिकवायला होते. अनुभवातून शिक्षण हा ज्यांचा विचार आजचे सेवाशिक्षणवाले पाया म्हणून सांगतात, तेच ड्यूई. शिष्यवृत्तीबरोबर करार होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची सेवा. आंबेडकर 1917 च्या सप्टेंबरात करार पाळायला आले. कचेरीत शिपाई कागद लांबून टाकत. राहायला जागा कुणी देईना, म्हणून पारशी नाव लावून एका पारशी उतारूगृहात राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. शहरात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिस्ती, दोघेही शिकलेले. एकाने नोकर सोडून जातील अशी अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोला विचारावं लागेल म्हटलं. रात्री नऊच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास त्यांनी या बागेत काढले. हे सगळं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे.

आपण हा प्रसंग अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा म्हणून वाचतो, आणि तो तसाच आहे. पण मला त्यात तो करारही दिसतो. करार दहा वर्षांचा, आणि त्याने बांधलं कुणाला? एकट्या विद्यार्थ्याला. त्याने सेवा द्यायची हे लिहिलेलं होतं. शहराने त्याला छप्पर द्यायचं, कचेरीने त्याला प्यायला पाणी द्यायचं, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एवढा दूरदृष्टीचा राजा, पण दुसऱ्या बाजूची सही घ्यायची राहून गेली.

म्हणून दहा वर्षं. या वेळी करार उलटा लिहू या. सही कॉलेजने करायची. पायी किंवा रिक्षाने अर्ध्या तासात पोचता येईल अशी एकच वस्ती किंवा एकच गाव, दहा वर्षं. प्राचार्य बदलले, संचालक मंडळ बदललं, तरी करार चालू. विषय दरवर्षी वस्तीने सांगायचा; न सांगितला तर त्या वर्षी जायचं नाही, वर्गात बसून मागच्या नोंदी वाचायच्या. सेवाबेनसारख्या ज्या शिकवतील त्यांना पाहुण्या व्याख्यात्याला देतो तेवढं मानधन, शाल-नारळ नको. आणि ज्या मुलाचं घर तिथेच आहे, त्याने घरचा चिखल उपसला तरी तो अभ्यासच, मात्र त्यावर लिहून, बोलून, हिशेब मांडून दाखवायचं.

यावर पालक म्हणतात, आम्ही फी भरतो ती मुलाला नोकरी लागावी म्हणून, गटारं मोजायला नव्हे. त्यांचं चूक नाही. गटारं मोजण्यात वर्ष घालवू नका असंच मीही म्हणते. पण ऐंशी टक्के व्याज ओळखता येणारा बी.कॉम. आणि न येणारा बी.कॉम. यांतला कोणता बँकेला हवा असेल, तेही त्यांनीच सांगावं. प्राध्यापक म्हणतात, आमच्यावर बोजा वाढतो. वाढतोच. तो वेळापत्रकात तास म्हणून धरा आणि पगारात मोजा. रविवारच्या हौसेवर दहा वर्षांचं काम चालत नाही. सक्ती नसेल तर मुलं येणारच नाहीत, अशीही एक भीती असते. आमच्या पंचवीसपैकी चौदा मुलं पुढच्या रविवारी आपणहून सेवाबेनकडे गेली होती, त्यांच्या कागदांच्या खेपा करून द्यायला. बसही नव्हती, फोटोही नव्हते. बाकीची अकरा आली नाहीत, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून हवी: वही. जाड पुठ्ठ्याची, साधी, गुजरातीत लिहिलेली. कोण आलं, काय विचारलं, काय कबूल केलं, त्यातलं काय झालं. दरवर्षीच्या नव्या मुलांनी आधी ती वाचायची, मगच तोंड उघडायचं. ही वही कॉलेजच्या कपाटात ठेवायची नाही. ती वस्तीतल्या अंगणवाडीत राहील, आणि वाचायची असेल तर प्राचार्यांनी तिथे जाऊन मागायची.